मतभेद शून्य

दि. १९ सप्टेंबर, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

मी, नाव वरच्या रकान्यात घेतल्याप्रमाणे, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार महाविद्यालयामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असं की,

मी वरील पत्त्यावर माझ्या आईसोबत राहते. आईचं वय ७६. आई सध्या रुग्णालयात असल्याने घरी मी एकटी आहे. रकान्यातलं माझं नाव बरोबर लिहिलंय का ते मी दोनदा पाहिलं, त्याचा हवालदार साहेबांना कंटाळा आला. पण ही सगळी भानगड माझ्या नावाचीच आहे, तेव्हा निदान इथे तरी ते नीट पडावं.

विभागप्रमुख सरांनी माझ्याविरुद्ध लॅपटॉप चोरल्याची तक्रार फोनवरून दिली आहे, असं मला इथे आल्यावर कळलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मी लॅपटॉप चोरलेला नाही, उचलून आणला आहे. महाविद्यालयापासून इथवर पंचवीस मिनिटं चालत, दोन सिग्नल ओलांडून, दोन्ही हातांवर उघडा धरून आणला. लोक बघत होते. एकाने विचारलं, ताई, रेंज शोधताय का. झाकण मिटलं की तो पासवर्ड मागतो आणि सरांचा पासवर्ड मला माहीत नाही. मला दुसऱ्याचा पासवर्ड माहीत नसतो. हे वाक्य असंच लिहून घ्यावं, याची पुढे गरज पडेल. इथे पोहोचले तेव्हा बॅटरी चौदा टक्के होती. तो आता तुमच्या टेबलामागे चार्जिंगला लावला आहे आणि त्याला कोणीही हात लावू नये.

आता मूळ प्रकार सांगते. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या रुग्णांना झोप लागत नाही म्हणून एक गोळी देतात. ती सुरक्षित आहे का, यावर जगभर आजवर झालेलं संशोधन गोळा करून त्याचा आढावा घ्यायचा, असं काम आमच्या महाविद्यालयाने जानेवारीत हाती घेतलं. काम करणारे आम्ही तिघे. विभागप्रमुख सर, मी, आणि विभागातले एक सहयोगी प्राध्यापक, वय अंदाजे चाळीस, ज्यांना सगळे झटपट म्हणतात. हे नाव त्यांना आवडतं. लेख शोधून काढायचं काम माझं होतं. मी ३,८६४ लेख शोधले. तीस वर्षांत मी दुसरं काही शिकले नसेन, पण शोधायला शिकले आहे.

एवढे लेख चाळायला एक सॉफ्टवेअर आहे, इंटरनेटवर चालणारं. विभागात आम्ही त्याला चाळणी म्हणतो. प्रत्येक लेख दोन माणसं वाचतात, आमच्यात मी आणि झटपट. दोघं आपापल्या नावाने आत जातात आणि मत देतात, घ्या किंवा वगळा. पहिल्याचं मत दुसऱ्याला दिसत नाही. दोघांचं जुळलं नाही तर तो लेख लाल होतो आणि मतभेदाच्या यादीत जातो. मग दर बुधवारी तीन वाजता तिघांनी बसून त्या लेखावर भांडायचं. हवालदार साहेबांनी विचारलं, एकच काम दोघांनी कशाला करायचं. याचं उत्तर लिहून घ्या. माणूस चुकतो म्हणून.

जानेवारी-फेब्रुवारीत बुधवारी तीस-चाळीस लेख लाल असायचे. आम्ही आवाज चढवून भांडायचो. सर म्हणायचे, बाई, तुम्ही शब्दाचा कीस काढता. मी म्हणायचे, त्यासाठीच मला पगार आहे. मार्चपासून लाल लेख कमी झाले. महिनाअखेरीस एकही नव्हता. बुधवारी आम्ही चहा पिऊन उठायचो. सर खूश. म्हणायचे, बघा, टीम कशी एकदिलाने काम करतेय. मीही खूश होते, हे मी लपवत नाही. मला वाटलं, झटपट माझ्यासोबत बसून बसून वाचायला शिकले. माणसाला वळण लागलं, असं मी घरी आईलाही बोलले. आमच्या धंद्यात एकमत झालं की कोणी खोलात जात नाही, छाती फुगवतं. छापलेल्या आढाव्यात दुसऱ्याच पानावर आहे, दोन वाचकांचं एकमत शंभरात अठ्ठ्याण्णव. एवढं एकमत नवराबायकोतही नसतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

एप्रिलमध्ये ६ तारखेपासून सोळा दिवस मी रजेवर होते. भाचीच्या बाळंतपणासाठी गेले होते. ८ तारखेला सरांचा फोन आला की तुमच्या नावावरची यादी उतरवून घ्यायची आहे, काम अडलंय, पासवर्ड सांगा. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बाई, घरच्या माणसांत कसला पासवर्ड. मी सांगितला. ही माझी चूक आहे आणि ती माझ्या नावावर लिहावी. तेवढ्यापुरतीच.

आढावा जूनमध्ये संपला, ऑगस्टमध्ये छापून आला. नावं तीन, तिसरं माझं. महाविद्यालयाच्या रुग्णालयाने त्यावरून एक पानी आदेश काढला की साठीपुढच्या रुग्णांना ऑपरेशननंतर ही गोळी द्यायला हरकत नाही. त्यात एक वाक्य आहे, ‘रुग्ण पडण्याचा धोका वाढतो असा पुरावा आढळला नाही.’ हे वाक्य मीच टाइप केलेलं आहे.

९ सप्टेंबरला आमच्या रुग्णालयात माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. दहाला आई वॉर्डात फिरत होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची उशी कशी चुकीची लावली आहे ते सांगत होती. दोन दिवस तिला ती गोळी दिली. ११ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास ती बाथरूमकडे जाताना पडली. डाव्या पायाचा खुबा मोडला. मी पावणेसातला पोहोचले. आईने मला पाहिल्यावर आधी विचारलं, तू चहा घेतलास का.

मी ड्यूटीवरच्या डॉक्टरीण बाईंना विचारलं, ही गोळी का दिलीत. मी चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी शांतपणे खिशातून फोन काढला, आमचा आढावा उघडला आणि म्हणाल्या, मॅडम, यातलं तिसरं नाव तुमचंच ना. मी हो म्हटलं.

नंतर आईने सांगितलं की तिला गोळी घ्यायची नव्हती. ती औषधांना भिते, पहिल्यापासून. चिठ्ठीवरचं सगळं वाचल्याशिवाय साधी तापाची गोळी तोंडात घालत नाही. नर्सने तिला सांगितलं, आजी, तुमच्याच लेकीने तपासून दिलंय हे. आई म्हणाली, मग आण. हे आईने मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. कौतुकाने सांगितलं.

१२ ते १८ सप्टेंबर मी रोज आईजवळ बसून चाळणीतून वगळलेले लेख पुन्हा काढून वाचले. नुसते सारांश नाही, पूर्ण लेख. २,९०० च्या वर होते, सगळे झाले नाहीत. पण वगळलेल्या ढिगात मला तीन लेख असे सापडले की ज्यांत या गोळीने म्हातारी माणसं पडल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. आकड्यांसकट. तिन्हींवर दोन मतं, वगळा आणि वगळा. पहिलं मत माझ्या नावाने.

मी माझ्या नावाने आत गेले तर मला फक्त मत दिसतं. ते कधी दिलं, कोणत्या संगणकावरून दिलं, हे दिसत नाही. ती नोंद, म्हणजे लॉग, फक्त विभागप्रमुखांच्या खात्यातून उघडते. म्हणून आज दुपारी १२ वाजून ५ मिनिटांनी मी सरांच्या खोलीत गेले. झटपट तिथेच होते. मी बसले नाही. मी म्हटलं, लॉग उघडा. सर म्हणाले, बाई, तुमच्या घरी जे झालं त्याचं वाईट वाटतं, पण वयस्कर माणसं पडतातच. मी म्हटलं, लॉग उघडा. त्यांनी उघडला. एप्रिलच्या पानावर आले आणि त्यांचा हात थांबला. मला खुर्चीमागून दिसत होतं.

९ एप्रिल ते १३ एप्रिल, पाच दिवसांत माझ्या नावाने ६११ लेखांवर मत दिलेलं आहे. ११ एप्रिलला सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी मी मिनिटाला सात लेख वगळत होते, असं लॉग म्हणतो. त्याच दिवशी ११ वाजून ९ मिनिटांचा माझा फोटो आहे, भाचीच्या खाटेजवळ, बाळ हातात, बाळ तासाभराचं. फोटो माझ्या फोनमध्ये आहे, दाखवला आहे. म्हणजे मी एका हातावर बाळ धरून दुसऱ्या हाताने विज्ञानाचा निकाल लावत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तीन लेखांपैकी दोन या पाच दिवसांतच वगळले गेले. माझं मत आणि झटपट यांचं मत एकाच संगणकावरून, मध्ये तीन सेकंद.

मी झटपटांना विचारलं, हे काय. ते म्हणाले, मॅडम, मुदत जवळ आली होती. मी म्हटलं, आणि मार्चमध्ये? मी समोर होते तेव्हा? तेव्हा कळलं की सरांनी मार्चमध्येच आपलं खातं त्यांना वापरायला दिलं होतं, काम पुढे सरकावं म्हणून. त्या खात्यातून माझं मत दिसतं. मी मत दिलं की ते बघून हे तेच देत होते. दोन महिने. पस्तीस लाल लेखांवरून शून्यावर आम्ही असे आलो. मी म्हटलं, तुम्ही एकही लेख वाचला नाहीत? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही एकदा बघितलं की परत काय बघायचं, माझा तुमच्यावर विश्वास आहे.

त्यानंतर कप फुटला. तक्रारीत म्हटलंय की झटापटीत फुटला, तसं काही झालेलं नाही. मी फोडला. सरांचा चहाचा कप टेबलावरून उचलून भिंतीवर फेकला, जिथे कोणी उभं नव्हतं त्या भिंतीवर. त्यात थोडा चहा होता. भिंतीवर आढाव्याचं पहिलं पान चौकटीत लावलेलं आहे, त्यावर डाग पडला असेल तर तो माझा. झटपटांना मी ढकललं असं म्हणतात, तेही खोटं. बाजूला व्हा म्हटलं, ते झाले. मला विचाराल तर ढकलायला हवं होतं.

मग सर झटपटांना माझ्यासमोर म्हणाले, हा प्रकल्प आता संपलाय, डिलीट करून टाका, उगाच जागा अडवून बसलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रकल्प काढला की लॉगही जातो. मग उरतं ते फक्त छापलेलं, त्यावर माझं नाव आणि अठ्ठ्याण्णव टक्के एकमत. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, मोठ्या साहेबांचा असावा, कारण ते उभे राहून बोलत बाहेर पडले. लॉग पडद्यावर उघडाच होता. मी लॅपटॉप उचलला. झटपट म्हणाले, मॅडम, तो सरांचा आहे. मी म्हटलं, आणि मत माझं आहे. दारावरच्या वॉचमनने मला नेहमीसारखा सलाम केला.

इथे मी १२ वाजून ५० मिनिटांनी पोहोचले. सव्वादोन तास बाकावर बसवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या वेळात मी तुमचाच चार्जर लावून मांडीवर लॉग पूर्ण वाचला. तो तुमच्या प्रिंटरवर छापून या जबाबाला जोडावा. सत्तावीस पानं होतील. कागद कमी पडला तर मी आणून देते.

माझी मागणी एकच आहे. आज रात्री नऊ वाजता शस्त्रक्रियेच्या दोन वॉर्डांत गोळ्यांची ट्रॉली फिरेल. तिथे साठीपुढचे एकोणीस रुग्ण आहेत, मी सकाळी मोजून आले. मी डॉक्टरीण बाईंना लेख सापडल्याबरोबर सांगितलं होतं, त्या भल्या आहेत. त्या म्हणाल्या, मॅडम, तुम्ही तोंडी सांगून आदेश फिरत नाही, कागद लागतो. हा कागद आहे. याची प्रत लॉगसकट रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे नऊच्या आत पोहोचावी. हवालदार साहेबांनी विचारलं, आढाव्यातून तुमचं नाव काढून हवंय का. नको. नाव राहू दे. गोळी थांबवा.

हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे संगणकावर टाइप केला आहे. तो मी वाचला. पण माझं वाचणं पुरेसं नाही, म्हणून माझ्या विनंतीवरून ठाण्यातल्या महिला शिपाईंनी तो पलीकडच्या खोलीत बसून वेगळा वाचला. त्या वाचत असताना मी बाहेर बाकावर होते. आम्ही दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही.

पुरवणी, सायंकाळी ५ वाजून ५ मिनिटे

महिला शिपाईंनी वाचून झाल्यावर विचारलं, ताई, वर तुम्ही तीन लेख म्हणालात, हिशोब दोनच लेखांचा दिलाय. तिसरा कधी वगळला गेला?

 हवालदार साहेब म्हणाले, राहू द्या, तक्रारीला दोन पुरेत, उगाच तुमचीच बाजू लंगडी होईल. ते माझ्या भल्यासाठी म्हणाले. तरी पुढीलप्रमाणे लिहून घ्यावं.

तिसरा लेख १२ मार्चला वगळला गेला. त्या दिवशी मी रजेवर नव्हते. सायंकाळी ५ वाजून ४१ मिनिटं, संगणक ग्रंथालयातला, माझ्या टेबलावरचा. मत मी दिलं. लॉगप्रमाणे तो लेख माझ्यासमोर एकोणीस सेकंद उघडा होता. मी सारांश वाचला. सारांशात पडण्याचं काही नाही. ते सातव्या पानावरच्या तक्त्यात आहे, शेवटच्या ओळीत, आणि मी सातव्या पानापर्यंत गेले नाही. घरी जायची वेळ झाली होती. तिन्हींत हाच लेख सगळ्यात मोठा आहे, अकराशे रुग्णांचा. नुसता हा एक आत असता तरी ते वाक्य मला टाइप करता आलं नसतं.

झटपटांचं मत त्यावर चार सेकंदांनी आलं आहे. त्यांनी तो लेख उघडला असता तर तो लाल झाला असता, बुधवारी आम्ही त्यावर भांडलो असतो, मी हरले असते, आणि मला राग आला असता. इतकंच झालं असतं. मी चुकले तर पकडायला दुसरा माणूस ठेवलेला होता आणि तो माणूस माझ्यावर विश्वास ठेवून बसला. त्या विश्वासाचा मला जेवढा राग येतो तेवढा त्या पासवर्डचाही येत नाही. हे माझी चूक झाकायला सांगत नाही. चूक माझी आहे, वेळ लॉगमध्ये आहे.

पुरवणीही आम्ही दोघींनी वेगवेगळी वाचली. आता दोघींचं जुळतं आहे. माझ्या सांगण्यात आणि कागदावर फरक नाही, म्हणून सही करते.

जबाबाची एक जादा प्रत मिळावी. ती आईसाठी आहे. तिला मी अजून काहीही सांगितलेलं नाही. मी वाचून दाखवणार नाही, तपासलंय असंही म्हणणार नाही. तिचा चष्मा तिच्या उशाशी आहे, तिने स्वतः वाचावी.